खिडक्या हलवणारे भाऊ

“हालू नोको. हालू नोको म्हनलो ना तुले.”

मी दाराशीच थबकले. सकाळी साडेनऊला कार्यालयात भाऊंशिवाय कोणी नसायचं. शेळी आत शिरली असेल असं वाटलं. ती अधूनमधून शिरायची आणि भाऊ तिच्याशी याच सुरात बोलायचे. पण वाकून पाहिलं तर भाऊ कम्प्युटरसमोर उभे. खुर्ची मागे सरकवलेली, माउस दोन्ही हातांनी धरलेला, आणि पडद्यावरची खिडकी ताटलीतल्या खरवसासारखी थरथरत होती. त्यांनी माउस ओढला की ती लवायची, सोडला की दोनदा झोल खाऊन सरळ व्हायची.

मला पाहून ते दचकले. ते दचकले म्हणून मीही दचकले.

“म्याडम, हे हालून राह्यलं,” ते म्हणाले. “बिघडन तं नाई ना?”

बिघडणार नाही हे मला माहीत होतं. पण ‘नाही’ म्हणायला मी इतका वेळ लावला की भाऊंच्या कपाळावर घाम आला.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्हाला नीट दिसेल. मी घुग्घुसची. वडील कोळशाच्या खाणीत. भोंगा अवेळी वाजला की आईचा हात पिठातच थांबायचा, आणि त्या थांबलेल्या हाताकडे बघत मी मोठी झाले. शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथे मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करायचे, आणि घरी इंग्रजी शब्द आला की चुलत भावंडं हसायची. त्यातून एक सवय लागली. माझ्या डोक्यात वाक्य आधी इंग्रजीत येतं, मग मी ते मराठीत आणते, मग ते बरोबर आहे का तपासते. तोवर समोरचा माणूस उठून गेलेला असतो.

गडचिरोलीच्या पुढे, दाट जंगल सुरू होतं तिथल्या एका तालुक्याच्या गावी मला पहिली नोकरी मिळाली. दोन खोल्यांचं कार्यालय. आसपासच्या गावांना त्यांच्या जंगलाचे नकाशे करून द्यायचे, एवढंच काम. गावातले लोक शिवेवरून फिरून खुणा नोंदवून आणत, मी त्या कम्प्युटरवर चढवत असे. गावानं नकाशा पाहून ग्रामसभेत सह्या-अंगठे केले की तो वनहक्काच्या दाव्याला जोडला जाई. कार्यालय चालवणारे एक दादा होते, पण ते बहुतेक फिरतीवर.

आणि भाऊ होते. झाडणं, पाणी भरणं, चहा करणं, दाव्यांचे गठ्ठे वाळवीपासून राखणं. पन्नाशीचे, किडकिडीत, चालताना पायांचा आवाज न होणारे. डाव्या हाताची दोन बोटं वळत नसत. त्यांवरची कातडी ताणलेली, चकचकीत होती. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, कारण लिहू का असं त्यांना विचारलेलं नाही. सगळे भाऊच म्हणत.

कम्प्युटर कोणीतरी देऊन टाकलेला, जुना. त्यावर विंडोज रांगायचं म्हणून दादांनी लिनक्स घालून आणलं होतं. ते फुकट असतं आणि कोणालाही त्यात हात घालून बदल करता येतो, असं दादा भाऊंना एकदा सहज सांगून गेले. ‘कोणालाही’ हा शब्द भाऊंनी धरून ठेवला.

“म्हनजे मले पन?” त्यांनी मला त्या सकाळी विचारलं.

“हो.”

“आन् बिघडलं तं कोन रागवन?”

मलाही हीच भीती वाटायची.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, जो घाबरतो आणि तरी मागे हटत नाही. भाऊंची पद्धत ठरलेली होती. सेटिंगमध्ये एक लांबलचक यादी होती आणि प्रत्येक ओळीपुढे एक चौकोन. त्या चौकोनाला ते ‘डबी’ म्हणत. रोज एकच डबी दाबायची, झाडून झाल्यावर, मी येण्याआधी. “दोन डब्या संगं दाबल्या आन् काही झालं, तं कोन्या डबीनं झालं ते कसं समजन? रानात बी असंच हाये. एका दिवशी दोन नव्या वाटा नाई धराच्या.”

यादी इंग्रजीत. भाऊ मराठी चौथीपर्यंत शिकलेले. म्हणून ते कोणती डबी काय करते हे दाराच्या मागच्या बाजूला खडूनं काढून ठेवत. खिडकी लवते, तिच्यासाठी एक वाकडी रेघ. पडद्यावर पाण्याची वलयं उठतात, तिच्यासाठी तीन गोल. सगळा पडदा एखाद्या खोक्यासारखा फिरतो आणि दुसरी बाजू समोर येते, तिच्यासाठी एक खोकं. ते खोकं पहिल्यांदा फिरलं तेव्हा भाऊ खुर्चीवरून उठून कम्प्युटरच्या मागे जाऊन पाहून आले.

“मागं तं काईच नाई,” ते म्हणाले. ते बराच वेळ हसले, पण हसताना त्यांनी मेज धरून ठेवलं होतं.

काही उघडलं की काम झाल्यावर ते बंद करायचेच. “उघडलं ते लावाचं.” माठावरचं झाकण, कपाट, फाटक, खिडकी, सगळ्यांना एकच नियम.

एक डबी मात्र त्यांनी दाबली नाही. तिच्या ओळीच्या टोकाला इवलं ज्वाळेचं चित्र होतं. भाऊंनी दारावर ज्वाळा काढली आणि तिच्यावर फुली मारली.

“ते नोको. त्या डबीले तुमीबी हात नाई लावाचा.”

मी त्यांच्या बोटांकडे पाहिलं, आणि मी पाहिलेलं त्यांनी पाहिलं.

“गावच्या राखनीत होतो,” ते म्हणाले. उन्हाळ्यात त्यांच्या गावची सभा चार-पाच माणसं निवडते. त्यांनी रानात फिरत राहायचं, वणवा दिसला की हिरव्या फांद्यांनी झोडपून विझवायचा. भाऊ एकवीस वर्षं त्या चौघा-पाचांत होते. इथे नोकरी लागल्यावरही उन्हाळ्याचे दोन महिने ते राखणीसाठी गावी जात. “एक बार हवा फिरली.” त्याहून जास्त त्यांनी कधी सांगितलं नाही.

आता भाऊंच्या गावाचं सांगायला हवं. तालुक्यापासून दीड तासावर, गोंडांची तीस-बत्तीस घरं. आसपासच्या सगळ्या गावांचे नकाशे झाले, भाऊंच्या गावानं दोन वर्षं नाही म्हटलं होतं. आमची शीव आमच्या पायांना ठाऊक आहे, ती कम्प्युटरच्या डब्यात कशाला भरायची, आणि डब्यात गेल्यावर तिच्याकडे लक्ष कोण देणार? त्यांचा सवाल काही वेडगळ नव्हता. शेवटी भाऊंनी सभेत उठून शब्द दिला. त्या डब्याजवळ मी असतो. तुमचं रान माझ्या डोळ्यापुढे राहील.

त्या शब्दावर शीव फिरून झाली. नकाशा झाला. गावचे सात-आठ जण तो पाहायला येणार असं ठरलं, आणि दाखवणार होते भाऊ स्वतः.

तीन आठवडे त्यांनी सराव केला. खोक्याच्या एका बाजूला नकाशा, दुसऱ्या बाजूला नाल्यांचे फोटो, तिसऱ्या बाजूला गावदेवाच्या झाडाचा फोटो. नकाशावरून फोटोवर जायचं तर खोकं फिरवायचं. ही मांडणी भाऊंची. मला सुचली नसती. मला रोज थोडी असूया वाटायची, खरं सांगते. हा माणूस घाबरत घाबरत रोज एक डबी दाबत होता, आणि मी, जिला ती सगळी यादी वाचता येत होती, तिनं स्वतःहून एकही दाबली नव्हती.

त्या दिवशी दादा सकाळपासून कार्यालयातच होते. गावकरी बाराला यायचे होते. अकराला दादा फोनवर बोलत बाहेर पडले आणि भाऊ दूध आणायला गेले. मी खुर्चीवर बसले, यादी उघडली आणि ज्वाळेची डबी दाबली.

एक रिकामी खिडकी उघडून बंद केली. ती खालच्या कडेनं पेटली. पिवळी, मग तांबडी ज्वाळा वर सरकत गेली आणि खिडकी संपली. आवाज नाही, धूर नाही. मी आणखी एक उघडली. तीही जाळली. मला वाटतं त्या नोकरीत मला पहिल्यांदाच मजा वाटत होती.

आणि बाहेर जीप थांबली. तासभर आधीच.

मी चोरासारखी उठले. डबी परत दाबायला दोन क्षण पुरले असते, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण माणसं पायऱ्या चढत होती, आणि अनोळखी माणसं खोलीत आली की मी भिंतीकडे सरकते. मी कपाटाजवळ जाऊन उभी राहिले. स्वतःला सांगितलं, भाऊ फक्त खोकं फिरवतील. बंद करणार नाहीत.

भाऊ दूध तसंच ठेवून आत आले. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता. पुढे बसले ते भूमिया, म्हणजे गावाची शीव आणि गावदेव ज्यांनी सांभाळायचा ते म्हातारे. त्यांच्याशेजारी एक म्हातारी होती. तिनं साऱ्या गावाच्या मोहाच्या झाडांना नावं दिली होती म्हणे. बाकीचे उभे.

“कारे, तुले बसाले खुर्ची देल्ली?” कोणीतरी म्हणालं. “आता तू सायेब झाला.”

“सायेब नाई. राखनदार हावो इथचा,” भाऊ म्हणाले, आणि सगळे हसले.

मग भाऊंनी नकाशा दाखवला. चाक फिरवून नाला मोठा केला. म्हातारीनं बोट पडद्याला लावलं आणि नाल्याचं नाव घेतलं. भाऊंनी खोकं फिरवलं, तोच नाला फोटोत, पाण्यासकट. उभे असलेले खाली वाकले. कोणी आपली मोहाची झाडं शोधू लागलं, कोणी भाऊबंदाचं शेत. भूमियांनीही पाय सैल सोडले होते. भाऊंचा आवाज मी कधी इतका मोकळा ऐकला नव्हता. एकदाही त्यांनी ‘बिघडन तं नाई ना’ विचारलं नाही.

दाखवून झालं. भाऊ म्हणाले, “उघडलं ते लावाचं,” आणि त्यांनी नकाशाची खिडकी बंद केली.

ती खालून पेटली. आधी गावाची दक्षिणेकडची शीव, मग नाला, मग मोहाची झाडं, मग गाव.

“कीस,” म्हातारी म्हणाली. मला गोंडी येत नाही. तिचं तोंड पाहून शब्द समजला. आग.

चैत्राचे दिवस होते. रानात पाचोळा गुडघाभर असतो. मोह वेचायला झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात आणि वणवा लागला की वनखात्याचं बोट आधी गावाकडे जातं. अशा दिवसांत त्या लोकांनी आपलं रान वरपर्यंत जळताना पाहिलं. भाऊ खुर्चीतून उठले होते. त्यांचा डावा हात पोटाशी धरलेला होता, जणू आत्ताच भाजला आहे.

दादा बाहेरून आले. मी घाईघाईनं नकाशा पुन्हा उघडून दाखवला. काही जळलं नाही, सगळं आहे, हे दादांनी दोनदा समजावलं. भूमियांनी ऐकून घेतलं.

“आमाले समजते, सायेब. चित्राची आग हाये. चित्र जळलं तं दुसरं निघते.” मग ते भाऊंकडे वळले. “पन तू म्हनलास, माया डोयापुढं राहीन. तुया डोयापुढंच जळलं.”

“कोणी लावलं हे?” दादांनी विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. तसल्या गमती कोण करतं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

माझ्या डोक्यात वाक्य तयार झालं. इट वॉज मी. तीन शब्द. मी ते मराठीत आणायला लागले.

“मायाच हातून झालं असन,” भाऊ म्हणाले. त्यांनी दाराकडे पाहिलं. मग आपल्या बोटांकडे. “डब्या वर-खाली हायेत. हे बोटं वळत नाई. घसरले असन.”

त्यांनी मला वाचवलं असं नाही. त्यांना खरंच तसं वाटलं. हे मला त्या दिवसापासून छळतं. मला वाचवायला ते खोटं बोलले असते, तर ते मला सोसलं असतं.

माझं वाक्य मराठीत आलं तेव्हा जीप सुरू झाली होती. नकाशा न घेता ते गेले.

मी दुपारी ती ज्वाळेची डबी परत दाबून बंद केली. कोणाला कळलं नाही.

भाऊ पुढे दहा-बारा दिवस कामावर आले. खुर्चीवर बसले नाहीत. कम्प्युटरवरची धूळ लांबूनच फडक्यानं झटकत. मग एक जुनं धोतर धुऊन आणलं आणि काम संपलं की ते त्यावर घालू लागले. निघताना विचारायचे, “बंद हाये ना, म्याडम?” मी म्हणायचे, हो. “पक्कं?” पक्कं. इतकंच बोलणं रोज व्हायचं. रोज मी ठरवायचे की आज सांगायचं. सांगितलं तर नोकरी जाईल ही भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती अशी की भाऊ माझ्याकडे बघतील आणि रागावणार नाहीत.

मग ते राखणीसाठी गावी गेले. आठवड्यानं त्यांच्या गावाकडून येणाऱ्या बसच्या वाहकानं निरोप आणला, भाऊ येत नाहीत, किल्ली पाठवली आहे.

“राखणीत रमले असतील,” मी म्हटलं. त्याच्याशी बोलायला मला कमी भीती वाटायची, कारण तो नेहमी घाईत असायचा.

“कुठलं जी. राखनीत घेतलंच नाई त्याईले यंदा. सभेत म्हने, ज्याच्या डोयापुढं जळते त्याले कायले पाठवाचं? घरीच बसून राह्यते. पुढच्या सभेत बी त्याईले घेनार नाई.”

“पुढची सभा कधी?”

“परवा.”

किल्ली माझ्या हातात होती. आत गेले. दाराच्या मागे खडूची वाकडी रेघ, तीन गोल, खोकं, आणि फुली मारलेली ज्वाळा. एकवीस वर्षं ज्यानं आग विझवली, त्यानं ज्वाळेच्या डबीला हातही लावला नव्हता. ते दारावर लिहिलेलं होतं, आणि ते वाचणारी मी एकटी होते.

सभेच्या दिवशी मी त्या बसमध्ये बसले. दीड तास वाक्य जुळवत होते. ‘दिलगीर’ हा शब्द बरोबर आहे का, ‘अनवधानानं’ त्यांना कळेल का. फाट्यावर उतरून चालू लागले. पाचोळ्यात काही सरसरलं तरी मागे वळून बघत होते. पुढे कुठेतरी जळल्याचा वास होता, तो कोणाच्या चुलीचा होता की कशाचा, कळत नव्हतं.

सभा मोठ्या मोहाखाली भरली होती. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या, मध्ये भूमिया. भाऊ कुठेच दिसेनात. मग दिसले, सगळ्यांच्या मागे, गोठ्याच्या कुडाला टेकून. सभेत होतेही आणि नव्हतेही. मला पाहून उठले, आत गेले, पाण्याचा तांब्या घेऊन आले.

“म्याडम, तुमी इथी?” आणि मग हळूच, “बिघडलं का काही?”

मी पाणी प्यायले. भाऊंनी तांब्या परत घेतला, झाकण ठेवलं, आणि पुन्हा कुडाजवळ जाऊन बसले.

भूमियांनी मला ओळखलं. “बोल, बाई,” ते म्हणाले. “काही कागद आनला का?”

तीस घरांची माणसं माझ्याकडे बघत होती. बसमध्ये जुळवलेलं सगळं गेलं. इंग्रजी वाक्यही आलं नाही. मी उभी राहिले, आणि तोंडातून जे आलं ते भाऊंच्याच बोलीत आलं.

“ती आग भाऊनं नाई लावली. मी लावली. भाऊले तं मी अजून सांगितलंच नाई.”